चोराचा माग आणि कोतवालाची चावडी

घाशीराम सावळदास याच्या शेवटाची हकीकत महाराष्ट्रांत कोणास नव्यानें सांगावयास नको. शके १७१३ मध्यें, म्हणजे इ. स. १७९१ च्या ऑगस्ट अखेरीस, पुणें शहराच्या ह्या कोतवालाला संतप्त ब्राह्मणसमुदायानें दगडांनीं ठेचून मारिलें. १८६३ सालीं मोरोबा कान्होबांनीं त्याच्या नांवाचें पुस्तक लिहिलें. १९७२ सालीं रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या नाटकानें तें नांव परप्रांतींहि पोंचविलें. घाशीराम किती दुष्ट होता व नानांचा दोष किती, ह्या दोन मुद्द्यांवर वाद पुष्कळ झाला. तो वाद येथें पुढें चालवावयाचा नाहीं. शहराची रखवाली चौदा वर्षें ज्याच्या हातीं होती त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणास होता, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. त्यासाठीं आधीं पुण्याबाहेर, खेड्यांत जावें लागतें. कारण त्याच राज्यांतील खेड्यांनीं ह्या प्रश्नाचें कांहीं एक उत्तर शोधून ठेविलें होतें.

उत्तराचें बीज धर्मशास्त्रांत आहे. आपस्तंबानें आपल्या धर्मसूत्रांत नगराभोंवतीं एक योजन व ग्रामाभोंवतीं एक क्रोश एवढ्या टापूंत रक्षणासाठीं नेमलेल्या पुरुषांवर चोरांचें निवारण सोंपविलें, आणि त्या टापूंत चोरीस गेलेलें द्रव्य त्यांच्याकडूनच भरून घ्यावें असें सांगितलें. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील स्तेयप्रकरणांत हाच विचार अधिक बारकाईनें आला आहे. चोराचें पाऊल गांवाबाहेर गेल्याचें दिसत नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा. कुरणांत चोरी झाल्यास कुरणाच्या रक्षकाचा. वाटेवर झाल्यास चौरोद्धर्त्याचा, म्हणजे चोर धरण्यासाठींच नेमलेल्या अधिकाऱ्याचा. स्वतःच्या शिवेंत झालेल्या चोरीची भरपाई गांवानें करावी, अथवा पाऊल ज्या गांवांत जाईल त्यानें करावी. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत ह्यावर व्यवहारी मनुष्यास शोभेल असा खुलासा केला आहे: अनेक गांवांच्या मध्यें, क्रोशाबाहेर चोरी झाली आणि लोकांच्या वर्दळीनें चोराचें पाऊल मोडलें, तर भोंवतालच्या पांच किंवा दहा गांवांनीं मिळून भरपाई करावी. टीकाकार कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहीत होता, म्हणजे आपल्या प्रांताच्या शेजारींच. बाजारवाटेवर मोडलेलें पाऊल त्यानें पोथींतच पाहिलें असेल असें मला वाटत नाहीं.

ही केवळ पोथीपंडिती नव्हती, ह्याचा पुरावा एका परक्या राज्यकर्त्याच्या लेखांत मिळतो. पेशवाई बुडाल्यानंतर दक्षिणचे कमिशनर एल्फिन्स्टन यांनीं ऑक्टोबर १८१९ मध्यें आपल्या सरकारास जो अहवाल पाठविला, त्यांत गांवच्या बंदोबस्ताचें वर्णन आहे. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. प्रत्यक्ष काम जागल्याचें. हा जागल्या कोठें महार, कोठें मांग, कोठें रामोशी किंवा भिल्ल असे. रात्रीं कोण आलें, कोण गेलें, परका कोण, गांवांतल्या कोणाचें चालचलन कसें, ही सर्व माहिती त्यानें ठेवावयाची. चोरी झाली कीं माग काढावयाचा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत नेऊन तेथल्या जागल्याची खात्री पटविली, म्हणजे पहिल्या गांवाची सुटका; पुढचा माग दुसऱ्यानें काढावयाचा. शेवटचा माग जेथें स्पष्ट लागला, त्या गांवावर मालाची भरपाई. ती आधीं जागल्याकडून, त्याच्या ऐपतीपुरती. राहील ती सगळ्या गांवाकडून.

ह्या शेवटच्या कलमांत सर्व व्यवस्थेचें मर्म आहे. जागल्या झोंपला, फितला, किंवा चोरास सामील झाला, तर त्याचें पाप गांवांतल्या प्रत्येक कुणब्याच्या कणगीपर्यंत येऊन पोंचे. म्हणून जागल्यावर नजर ठेवणें हें गांवाचें स्वार्थाचें काम झालें होतें; त्यासाठीं निराळा अधिकारी नेमावा लागत नसे. हयगय किंवा संगनमत उघड झाल्यास पाटलाचें अथवा जागल्याचें इनाम काढून त्याच्या जवळच्या भाऊबंदास देत, असेंहि एल्फिन्स्टन नमूद करतात. म्हणजे जागल्यावर त्याच्या स्वतःच्या भाऊबंदांचाहि डोळा असे. वतनी भाऊबंदकीचा लोकांस उपयोग झाल्याचीं उदाहरणें थोडीं. त्यांत हें एक धरावें.

ह्यावरून गांवगाडा म्हणजे रामराज्य होतें, असा अर्थ कोणी काढूं नये. भरपाई पूर्ण वसूल करण्याचा आग्रह सरकार क्वचितच धरी. बहुधा दंडावर भागे. शिवाय पहिला भार पडे तो जागल्यावर, म्हणजे गांवांत ज्याच्यापाशीं सर्वांत कमी त्याच्यावर. ज्या वतनी महजरांवर पाटलाचा नांगर व न्हाव्याचा आरसा ह्यांच्या ओळींत महारांच्याहि निशाण्या आढळतात, त्यांवरून गोतांत त्यांस स्थान होतें असें आपण म्हणतों, आणि तें खरेंहि आहे. पण महजरावर निशाणी करणाराला पाटलापुढें शब्द काढतां येत होता, असें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. संशय आला कीं मार खाणारा तोच असे. तथापि एक गोष्ट निर्विवाद: ज्याची चोरी झाली त्यास कोणाच्या दारीं बसावयाचें हें ठाऊक होतें, आणि ज्याच्या दारीं बसावयाचें त्यास उठून शहरांत पळून जातां येत नव्हतें.

आतां पुण्यास यावयास हरकत नाहीं. कोतवालाचें काम नुसतें चोर धरण्याचें नव्हतें. पेठोपेठींच्या चावड्या त्याच्या हाताखालीं. भांडणतंट्यांचे निवाडे, बाजारांतील निरखावर देखरेख, घरें-जागांच्या खरेदीखतांवरील सरकारी हक्क, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, सरकारकामास माणसें पुरविणें, पाटाचा कर, हें सर्व त्याच्याकडे. गुन्हेगारी, म्हणजे दंडाची रक्कम, ही कोतवालीच्या जमेची एक मोठी बाब होती. ह्या ठिकाणीं खेडें आणि शहर ह्यांतील भेद मुळांतच दिसतो. खेड्यांत गुन्हा घडला तर रखवालदाराचें नुकसान होई. शहरांत गुन्हा घडला तर कोतवालीची जमा वाढे. चोरी झालेल्या पेठेनें भरपाई द्यावी, किंवा कोतवालानें द्यावी, असा दंडक येथें नव्हता. याज्ञवल्क्याचा चौरोद्धर्ता स्वतःच्या कमरेचे पैसे मोजणारा. पुण्याचा कोतवाल दुसऱ्याच्या कमरेचे मोजून घेणारा.

घाशीराम फेब्रुवारी १७७७ मध्यें ह्या जागेवर आला. मूळचा उत्तर हिंदुस्थानी कनोजी ब्राह्मण, औरंगाबादेकडून आलेला. पुण्यांत त्याचें गोत नव्हतें, वतन नव्हतें, शीव नव्हती. त्याची सारी भिस्त नाना फडणिसांच्या मर्जीवर, आणि ही गोष्ट नानांस गैरसोयीची नव्हती. शहरांतील बातमी काढण्यासाठीं कोणाच्या बाजूचा नसलेला मनुष्यच बरा असतो. बंदोबस्त मात्र चांगला राहिला असावा. पेशवाईच्या अखेरीविषयीं लिहितांना एल्फिन्स्टनसारखा चिकित्सक मनुष्यहि पुण्याच्या पोलिसांची व्यवस्था चांगली होती, मालमत्तेच्या असुरक्षिततेबद्दल तक्रार कानीं आली नाहीं, असें सांगतो. चोरांचा उपद्रव कमी असणें आणि रक्षकाचा उपद्रव नसणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजानें रक्षणार्थ नेमलेले नोकरच बहुधा परस्व हरण करणारे शठ होतात, त्यांच्यापासून प्रजेचें रक्षण करावें, असें मनु सातव्या अध्यायांत बजावतो. तें वचन पुण्यांतील किती शास्त्र्यांस मुखोद्गत असेल! पण वचन ठाऊक असलेला शास्त्री आणि तक्रार ऐकणारी कचेरी ह्यांत अंतर असतें. रामशास्त्री तर १७८९ सालींच वारले होते.

श्रावणमासच्या दक्षिणेसाठीं आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनीं परतीच्या वेळीं कोतवालाच्या बागेंतील फळांस हात लाविला, म्हणून घाशीरामानें त्यांस एका कोंदट जागेंत कोंडलें. त्यांतील बहुतेक गुदमरून मेले. मृतांचा आकडा निरनिराळ्या लेखांत निरनिराळा आहे. आपण चोर धरले होते व त्यांतील कांहीं मेले, अशी बतावणी करून त्यानें प्रेतें जाळण्याची परवानगी नानांकडे मागितली, असें सांगतात. पुण्यांतील इंग्रज वकील मॅलेट यानें ही हकीकत वरिष्ठांस कळविली, आणि कॅप्टन मूर यानें १७९४ सालीं लंडनमध्यें छापलेल्या आपल्या पुस्तकांत ती दिली. कोंडलेल्यांची जागा उघडविली ती मानाजी फाकडे यानें. हा शिंद्यांच्या घराण्यांतला सरदार. शहराच्या कारभाराशीं त्याचा कोणताहि हुद्द्याचा संबंध नव्हता. त्यानें सतरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या कानीं गोष्ट घातली, ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दाराशीं जमला, आणि तेव्हां कोठें कोतवालास कैद झाली.

ह्या क्रमाकडे लक्ष द्यावें. फिर्याद कोतवालीच्या कोणत्याहि वरिष्ठ कचेरींतून आली नाहीं. आंत प्राण सोडणाऱ्यांस वाचविणारी वाट एकच निघाली: एका फटकळ सरदारानें दार उघडणें. आणि पुढें जो न्याय झाला, त्यांत घाशीरामाच्या चौदा वर्षांच्या कारभाराची झडती कोणी घेतली नाहीं. कोणत्या पेठेंतून कोणाकडून किती गुन्हेगारी घेतली, ह्याचा हिशेब मागितला नाहीं. त्याची धिंड काढून त्याला जमावाच्या हवालीं केलें. मेलेले ब्राह्मण होते म्हणून जमाव जमला, हेंहि विसरतां येत नाहीं. त्याच कोठडींत पंचवीस कोळी मेले असते तर घाशीरामाची बतावणी बतावणी ठरलीच नसती. नानांनीं दुष्ट कोतवालास शासन केलें, असें कांहीं लेखक त्यांच्या बचावार्थ म्हणतात. माझ्या मतें नानांनीं शासन केलें नाहीं. शासन करण्याचें काम दाराशीं आलेल्या लोकांस देऊन टाकलें, आणि कोतवालीची घडी होती तशीच ठेविली.

तशी ठेविल्याचा परिणाम दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं खेड्यांनाहि भोंवला. त्यानें तपासनवीस नांवाचा नवा हुद्दा काढला. काम गुन्हेगार हुडकून धरण्याचें. जवळ स्वतःचे स्वार व प्यादे. मामलेदाराचा ताबा नाहीं. एल्फिन्स्टन ह्याविषयीं कडक शब्दांत लिहितात: तपासनविसाचे लोक पैसेवाल्यांवर खोटे आळ घालून पैसे उपटीत. पुण्यांत जी चूक एका शहरापुरती होती ती आतां मुलखावर पसरली. रक्षक कोणत्याहि गांवाचा नव्हता, म्हणून कोणतेंहि गांव त्याचें कांहीं करूं शकत नव्हतें.

इंग्रजी अमलांत माग-भरपाईचा प्रघात मागें पडत गेला. रखवालीचे हक्क बुडाल्यावर पुरंदराकडील रामोश्यांचें काय झालें तें उमाजी नाइकाच्या बंडावरून सर्वांस माहीत आहे. त्यास १८३२ सालीं फांशी दिल्यावर पुढल्या सालीं कॅप्टन मॅकिंटॉश यानें त्या जातीचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो ह्या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखा आहे. १८६७ सालच्या सातव्या व आठव्या कायद्यांनीं मुंबई इलाख्यांत जिल्हा पोलीस आणि गांवपोलीस अशी विभागणी केली. १९६२ मध्यें मुलकी पाटीलकी गेली, १९६७ च्या कायद्यानें पोलीस पाटील हा नेमणुकीचा सेवक झाला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरणें स्थापावींत असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २००६ मध्यें दिला, आणि महाराष्ट्रानें २०१४ सालीं त्यासाठीं कायद्यांत दुरुस्ती केली. घाशीरामाच्या पुण्यांत जी कचेरी नव्हती, ती कागदावर यावयास दोनशें तेवीस वर्षें लागलीं.

ह्या विषयाचें अस्सल साधन सरदारांच्या पत्रव्यवहारांत फारसें सांपडावयाचें नाहीं. तें कुळकर्ण्यांच्या व देशपांड्यांच्या दप्तरांत, वतनी कागदांच्या खालीं, चतकोर यादींच्या स्वरूपांत असतें. आणि संग्राहक रुमाल सोडतांना राजमुद्रेचा कागद वर काढून अशा यादी बहुधा बाजूस टाकतात. ज्यांच्या संग्रहीं अशीं दप्तरें असतील, त्यांनीं चोरीच्या मागाचा, भरपाईच्या कबुलायतीचा अथवा जागल्याच्या वतनबदलाचा कागद दिसल्यास तो निराळा काढावा, आणि नक्कल करतांना दोन्हीं गांवांचीं नांवें, माग कोणत्या शिवेवर दाखविला ती जागा, भरलेली रक्कम, तींत जागल्याचा वांटा किती व पांढरीचा किती, आणि खालच्या निशाण्या जशाच्या तशा, एवढ्या गोष्टी अवश्य उतरून घ्याव्यात.