दिनविशेष : ११ ऑगस्ट १९७३ – ब्रॉन्क्समधली ती पार्टी

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सार्वजनिक खोलीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलं : मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. जमैकात जन्मलेला, वय १८.

गाण्यात गायन थांबून नुसते ड्रम वाजू लागले की नाचणारे पेटतात, हे हर्कने हेरलं होतं. पण तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, काही सेकंदांतच संपायचा. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर लावून तो तोच तुकडा लांबवत नेऊ लागला. त्यावर नाचणारी पोरं बी-बॉय ठरली. हात टेकून जमिनीलगत चपळ पावलं, मग अचानक एका पोजमध्ये थिजणं, ही त्यांची खासियत. डोक्यावरच्या गिरक्या पुढे आल्या.

१९७७ मध्ये ‘रॉक स्टेडी क्रू’ हा बी-बॉयांचा गट उभा राहिला. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’ चित्रपटात तो झळकला आणि हे वेड जगभर गेलं. मुंबईलाही फार वाट पाहावी लागली नाही : १९८५ च्या ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरी थिरकला.

२०२४ मध्ये हाच नाच ‘ब्रेकिंग’ या नावाने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि पदकं मिळाली जपानच्या आमी युआसाला आणि कॅनडाच्या फिल विझार्डला, दोन्ही सुवर्ण. लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीत मात्र ब्रेकिंग नाही. अमेरिकेतच जन्मलेल्या नाचाला अमेरिकेतल्याच ऑलिम्पिकमध्ये जागा नसावी, हे अजबच!