मसाल्यांतील धुरीकारकांचे अवशेष

साठविलेल्या मसाल्यांतील कीड वा सूक्ष्मजंतू मारण्यासाठी त्यांना विषारी वायूची धुरी देतात. धुरीनंतर मालात उरणाऱ्या अंशास धुरीकारकाचा अवशेष म्हणतात.

भारतात मालाच्या शुद्धतेची कसोटी प्रथम दृश्य दोषांची होती. कृषी उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियम, १९३७ अन्वये आलेल्या ‘ॲगमार्क’ प्रतवारीत मिरचीचा रंग, ओलावा, तुटकी फळे व केरकचरा यांवर भर असे. ॲगमार्कची केंद्रीय प्रयोगशाळा नागपूर येथे आहे, आणि याच जिल्ह्यातील भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. अवशेषांचा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हे.

फॉस्फीन व मिथिल ब्रोमाइड हे वायू मुख्यतः किडीसाठी वापरतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत मसाल्यांसाठी फॉस्फीनची मर्यादा दर किग्रॅ.ला ०·०१ मिग्रॅ. आहे. मिथिल ब्रोमाइड ओझोन थरास घातक असल्याने माँट्रिऑल करारानुसार विकसनशील देशांतही त्याचा सर्वसाधारण वापर २०१५ पर्यंत थांबवायचा होता. निर्यातपूर्व व विलगीकरणाच्या धुरीला मात्र सूट राहिली.

खरा वाद एथिलीन ऑक्साइडचा. हा वायू साल्मोनेलासारखे जंतू मारतो. पण मसाल्यातील नैसर्गिक क्लोराइडाशी संयोग पावून २–क्लोरोएथेनॉल बनवितो. माल हवेशीर ठेवल्यास वायू बराचसा निघून जातो, हे संयुग मात्र टिकून राहते. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एथिलीन ऑक्साइडची गणना मानवास कर्कजनक द्रव्यांत केली. अमेरिकेत वाळलेल्या मसाल्यांवर या वायूचे दशलक्षांश ७ व क्लोरोएथेनॉलाचे ९४० भाग चालतात. युरोपीय संघात दोन्हींची बेरीज एथिलीन ऑक्साइडच्या रूपात मांडून ती दर किग्रॅ.ला ०·१ मिग्रॅ.च्या आत लागते. म्हणजे एकाच धुरीचा माल एका बंदरात निर्दोष, तर दुसऱ्यात त्याज्य ठरतो. निर्यातदाराला विज्ञानाइतकेच गिऱ्हाइकाच्या देशाचे नियम पाहावे लागतात ते यामुळे.

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात हा अवशेष आढळल्याचे कळविले, आणि तपासणीची लाट युरोपभर पसरली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर यांनी काही भारतीय तयार मसाल्यांवर कारवाई केल्यावर मसाला मंडळाने या दोन ठिकाणांकडे जाणाऱ्या मालाची चाचणी सक्तीची केली.

वाफेचे निर्जंतुकीकरण निर्धोक खरे, पण त्यात सुवासिक तेल उडते. गॅमा किरणांचा पर्याय वाशी येथे २००० पासून उपलब्ध आहे. तथापि धुरीची गरज बहुधा खळ्यावरच निर्माण होते. उघड्या जमिनीवर वाळत घातलेल्या मिरचीत माती व पक्ष्यांची विष्ठा मिसळते, रात्रीच्या दवाने बुरशी धरते. आणि हा सारा भार शेवटी वायूवर टाकला जातो. स्वच्छ ओट्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवून ओलावा नीट उतरविलेल्या मालाला या वायूची गरज बरीच कमी भासते.