पॅसाडीनाची तोफ

गेल्या सुटींत आमच्या घरीं भाचेमंडळी जमली होती. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं ती सर्व मंडळी टेलिव्हिजनसमोर बसून एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका पाहत असे. आम्हांस असल्या मालिकांचा फारसा षोक नाहीं. आम्ही आपले वर्तमानपत्र पुढें धरून कोपऱ्यांत बसलों होतों. परंतु हळूहळू वर्तमानपत्र गुडघ्यावर आलें, आणि पुढें पुढें तर मुलांच्या आधीं आम्हीच हंसूं लागलों.

मालिकेचें नांव 'द बिग बॅंग थिअरी'. ती २००७ पासून २०१९ पर्यंत चालली. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना या शहरीं 'कॅलटेक' नांवाची जी प्रख्यात विज्ञानसंस्था आहे, तेथील कांहीं तरुण शास्त्रज्ञ मित्रांच्या संसाराची ही कथा. त्या रात्रीं चाललेला भाग २००९ सालचा होता. शेल्डन कूपर नांवाचा एक अहंमन्य पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रेडिओवर मुलाखत देत असतां त्याचा क्रिप्की नांवाचा सहकारी त्याच्या खोलींत गुपचूप हेलियम वायु सोडतो, आणि हे विद्वान गृहस्थ साऱ्या देशापुढें चिमणीसारख्या आवाजांत बोलूं लागतात. शेल्डन सूड घेण्याचें ठरवितो. क्रिप्कीच्या प्रयोगशाळेच्या छतांतून फेसाचा वर्षाव व्हावा अशी तो योजना करतो, आणि तो वर्षाव होतोही. मात्र नेमके त्याच क्षणीं विद्यापीठाचे अध्यक्ष आणि संचालक तेथें पाहणीस आलेले असतात! त्यांत भर म्हणजे या वीरानें आपल्या पराक्रमाचें निवेदन आधींच चित्रित करून ठेवलेलें असतें. त्यांत तो स्वतःचें नांव तर सांगतोच, पण साह्य करणाऱ्या दोघां मित्रांचे नांवनिशीवार आभारही मानतो.

हंसणें ओसरल्यावर आमचा थोरला भाचा म्हणाला, "मामा, खऱ्या कॉलेजांत असें होतें का हो?"

होतें, असें आम्हीं सांगितलें. आणि ज्या कॉलेजाची ही गोष्ट आहे, त्या कॉलेजांत तर मालिकेपेक्षां कितीतरी सरस होतें. मालिकेच्या लेखकांनीं त्या संस्थेच्या अंगणांत हें चेष्टायुद्ध लढविलें, तें त्या संस्थेच्या परंपरेस धरूनच होतें. तो इतिहास मराठी वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें मनांत आलें. आणि तो मांडण्यास आमचें स्वतःचेंही एक कारण आहे, तें पुढें येईल.

कॅलटेकची स्थापना १८९१ सालीं झाली. सध्यांचें नांव तिला १९२० सालीं मिळालें. कीर्ति मोठी, पण पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थी जेमतेम हजार. याच पॅसाडीना शहरांत 'रोझ बोल' नांवाचें विशाल क्रीडांगण आहे, आणि तेथें दर नववर्षारंभीं मोठमोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल-संघांचा सामना होतो. साऱ्या देशाचे डोळे त्या दिवशीं पॅसाडीनाकडे लागलेले असतात, आणि पॅसाडीनाच्या या चिमुकल्या कॉलेजाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. शेजारच्या घरीं लग्न आणि आपल्या घरीं अक्षतही नाहीं, अशी ही स्थिति!

१९६१ सालच्या २ जानेवारीस वॉशिंग्टन आणि मिनेसोटा या विद्यापीठांचा सामना व्हावयाचा होता. वॉशिंग्टनच्या बाजूच्या २,२३२ प्रेक्षकांच्या हातीं रंगीत पुठ्ठे आणि प्रत्येकास एकेक सूचनापत्रक द्यावयाचें, आणि इशारा होतांच ज्यानें त्यानें आपल्या पत्रकांत असेल त्या रंगाचा पुठ्ठा उंच धरावयाचा, म्हणजे समोरून पाहणारांस एक प्रचंड चित्र किंवा शब्द दिसावा, असा मध्यंतरांतील करमणुकीचा बेत होता. अशीं १५ चित्रें ठरलीं होतीं. कॅलटेकच्या चौदा विद्यार्थ्यांच्या एका टोळीनें हा बेत हेरला. त्यांच्यापैकीं एक जण एका शाळेच्या नियतकालिकाचा बातमीदार बनून वॉशिंग्टनच्या म्होरक्याकडे गेला, आणि मोठ्या आदरानें प्रश्न विचारून त्यानें ती सारी विद्या शिकून घेतली. वॉशिंग्टनची ती मंडळी लॉंग बीच येथील एका वसतिगृहांत उतरली होती. ती बाहेर गेली असतां या टोळीनें खोलीचें कुलूप युक्तीनें उघडून एक सूचनापत्रक लांबविलें. त्याबरहुकूम २,२३२ कोरीं पत्रकें छापून घेतलीं. मूळ आराखडेही मिळविले. आणि मग प्रत्येक पत्रकावरील खुणा हातानें भरल्या. ३१ डिसेंबरला यजमान डिस्नेलँड पाहण्यास गेले असतां जुनीं पत्रकें काढून त्या जागीं नवीं ठेवलीं गेलीं.

सामन्याच्या मध्यंतरांत पहिलीं अकरा चित्रें यथास्थित उमटलीं. बाराव्या चित्रांत वॉशिंग्टनचा 'हस्की' कुत्रा दिसावयाचा, तेथें मोठ्या दातांचा 'बीव्हर' उमटला. नदीवर बांध घालणारा हा उद्योगी प्राणी कॅलटेकचें बोधचिन्ह आहे. पण तें कोणाच्या फारसें ध्यानांत आलें नाहीं. तेराव्या वेळीं 'हस्कीज' हा शब्द उलट्या क्रमानें उमटला. काय तरी चूक झाली असेल असें लोकांस वाटलें. आणि चौदाव्या इशाऱ्याबरोबर त्या २,२३२ निरपराध प्रेक्षकांनीं मोठ्या उत्साहानें पुठ्ठे उंचावून साऱ्या अमेरिकेस जें नांव दाखविलें तें होतें 'कॅलटेक'! टेलिव्हिजनवरून सामन्याचें वर्णन करणारे क्षणभर अवाक् झाले, आणि मग सारें क्रीडांगण हंशानें भरून गेलें. सामना वॉशिंग्टननें १७-७ असा जिंकला, पण आज तो त्या गुणांसाठीं कोणी आठवीत नाहीं.

आमच्या मतें या प्रकरणांतील खरी नवलाची गोष्ट तो शेवटचा शब्द नव्हे, तर तीं हातानें भरलेलीं २,२३२ पत्रकें होत. तीनशें उत्तरपत्रिका तपासतांना आम्हांस वीट येतो आणि वेतन मिळत असूनही कुरकूर सुटत नाहीं. येथें चौदा मुलांनीं सुटीचे दिवस खर्चून, प्रत्येक चौकोन जागच्या जागीं भरून तें काम निर्दोष केलें. कारण दहापांच पत्रकें चुकलीं असतीं तरी अक्षर बिघडलें असतें. मालिकेंत फेस क्षणांत कोसळतो, त्यामागील कष्ट पडद्यावर दिसत नाहींत. पण या युद्धांत खरें शस्त्र म्हणजे ते कष्टच. १९८४ च्या सामन्यांत याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं गुणफलक दुरून रेडिओनें ताब्यांत घेऊन त्यावर 'कॅलटेक ३८, एमआयटी ९' असा भलताच निकाल झळकविला. १९८७ सालीं हॉलिवुडच्या डोंगरावरील तीं प्रसिद्ध अक्षरें बदलून तेथें आपल्या संस्थेचें नांव केलें.

गुणफलकावरील ती 'एमआयटी' म्हणजे पॅसाडीनापासून सुमारें ३,००० मैलांवर, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें असलेली याच जातीची दुसरी संस्था. तेथें असल्या खोडीस 'हॅक' म्हणतात. आज तो शब्द संगणकावर दरोडा घालणारांस लावतात, पण तेथील अर्थ जुना आणि निरुपद्रवी आहे. १९८२ सालीं हार्वर्ड आणि येल यांचा सामना रंगांत आला असतां मैदानाच्या मध्याजवळ जमिनींतून एक काळा फुगा वर येऊं लागला. त्यावर सर्वत्र 'एमआयटी' हीं अक्षरें होतीं. तो फुगतां फुगतां मोठा आवाज करून फुटला आणि पांढऱ्या पुडीचा लोट उठला. १९९४ च्या मे महिन्यांत एका पहाटे संस्थेच्या उत्तुंग घुमटावर पोलिसांची मोटार उभी असलेली दिसली. आंत पोलिसाचा पुतळा, त्याच्याजवळ डोनटचा डबा, आणि गाडी भलत्या जागीं उभी केल्याबद्दल काचेवर दंडाची पावती! गाडीचा केवळ बाहेरचा सांगाडा लांकडी चौकटीवर बसविलेला होता. या मंडळींचे अलिखित नियम आहेत ते मोठे मासलेवाईक: कोणास इजा होऊं नये, वस्तूची कायमची नासधूस होऊं नये, आणि केलेली करामत कशी उतरवावी याची चिठी मागें ठेवावी. शिमग्याला दुसऱ्याच्या दारचीं लांकडें पळविणाऱ्या आमच्याकडील पोरांनीं चिठी ठेवल्याचें ऐकिवांत नाहीं.

परंतु याच संस्थेंत एक प्रकार असा घडला कीं त्यापाशीं आम्हांस थबकावें लागतें. १९५८ च्या ऑक्टोबरांत एका विद्यार्थिमंडळाच्या जुन्या सभासदांनीं ऑलिव्हर स्मूट नांवाच्या नवागताला चार्ल्स नदीवरील पुलावर नेलें आणि त्याच्या देहानें पूल मोजावयास लावला. तो आडवा पडे, डोक्यापाशीं खूण होई, तो उठून पुढें पुन्हा आडवा पडे. पुढें पुढें तो थकला, तेव्हां सोबत्यांनीं त्याला उचलून ठेवण्यास आरंभ केला. पुलाची लांबी भरली ३६४.४ स्मूट, आणि वर एक कान कमीअधिक! पुढें १९८० नंतरच्या दशकांत पुलाची दुरुस्ती झाली तेव्हांही त्या खुणा राखल्या गेल्या. खुद्द स्मूटमहाशय कालांतरानें, मापें आणि प्रमाणें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले. सर्व कसें गोड! पण तो मुलगा त्या रात्रीं 'नको' म्हणाला असता तर? नवागतानें जुन्यांस 'नको' म्हणणें किती अवघड असतें, तें वसतिगृहांत राहिलेल्यांस सांगावयास नको.

आमचें स्वतःचें कारण तें हेंच. वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही एका महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीवर होतों. एकाच महिन्यांत दोन प्रकरणें आलीं. पहिल्यांत वसतिगृहांतील मुलांनीं रेक्टरांची सायकल दोरांनीं चढवून पाण्याच्या टांकीवर नेऊन ठेवली होती. सायकलीस ओरखडाही नव्हता, उलट तिच्या साखळीस तेल घातलेलें होतें. दुसऱ्यांत तिसऱ्या वर्षाच्या चौघांनीं पहिल्या वर्षाच्या एका मुलास तीन रात्री उभा ठेवून गाणीं म्हणावयास लावलीं होतीं. दोन्ही जबाबांत कारणाच्या रकान्यांत एकच शब्द होता: 'गंमत'. आम्हीं, म्हणजे आम्ही आणि आमच्या दोघां सहकाऱ्यांनीं, दोन्ही प्रकरणें एकाच दुपारीं निकालांत काढलीं आणि दोहोंस सारखाच दंड ठोकला. मुलें म्हटलीं कीं खोड्या व्हावयाच्याच, असें आम्ही त्या वेळीं बोललोंही. महाराष्ट्रांत रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ सालींच झाला होता, त्यांत दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. आम्हीं तो उघडूनही पाहिला नाहीं. तो मुलगा दिवाळीच्या सुटीस गांवीं गेला तो परत आला नाहीं. त्याच्या वडिलांचें पत्र आलें, त्यांत तक्रारीचें एक अक्षर नव्हतें. फक्त खोलीची अनामत परत मागितली होती.

सायकल टांकीवर पाहून रेक्टर संतापले खरे, पण पुढल्याच आठवड्यांत त्यांनीं त्या मुलांच्या साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या अदलाबदल करून उट्टें काढलें. त्या मुलाला मात्र उट्टें काढण्यास जागाच नव्हती. हा भेद आम्हांस त्या दुपारीं दिसला नाहीं, आणि पॅसाडीना व केंब्रिज यांच्या युद्धाची हकीकत वाचतांना तो पुनःपुन्हा दिसूं लागला.

तें युद्ध खऱ्या अर्थानें पेटलें २००५ च्या एप्रिलांत. त्या दिवसांत एमआयटीमध्यें प्रवेशेच्छु विद्यार्थी संस्था पाहण्यास येतात. कॅलटेकच्या मुलांनीं तेथें जाऊन त्यांना फुकट सदरे वांटले. सदऱ्याच्या छातीवर 'एमआयटी' असें ठळक नांव. आणि पाठीवर, 'कारण सगळ्यांनाच कॅलटेकला जातां येत नाहीं' या अर्थाची ओळ! मुख्य इमारतीवरील नांव झांकून तेथें 'ती दुसरी संस्था' अशा अर्थाचें नांवही लावण्यांत आलें.

उत्तर वर्षभरानें आलें. कॅलटेकच्या फ्लेमिंग हाउस या विद्यार्थिगृहापुढें सव्वाशें वर्षांहून जुनी, पाऊणेदोन टनांच्या आसपास वजनाची एक तोफ आहे. २००६ च्या मार्चअखेरीस सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीचीं माणसें आलीं. पहारेकऱ्यानें हटकलें तेव्हां त्यांनीं रीतसर कागद दाखविले, आणि तोफ घेऊन गेलीं. कंपनीचें नांव 'हाउ आणि सर' असें होतें. हीं दोन नांवें इंग्रजींत एका दमांत उच्चारलीं म्हणजे 'हाउइट्झर' असा तोफेचाच एक प्रकार ऐकूं येतो. पहारेकऱ्यास तें ऐकूं आलें नाहीं. ६ एप्रिलला ती तोफ ३,००० मैलांवर एमआयटीच्या आवारांत प्रकट झाली. तिचें तोंड पॅसाडीनाच्या दिशेस केलेलें होतें, आणि नळीवर एमआयटीच्या पदवीधरांच्या अंगठीची प्रचंड सोनेरी प्रतिकृति चढविलेली होती. त्या अंगठीवर प्राणी कोणता, म्हणाल तर बीव्हरच. दोन्ही संस्थांचें बोधचिन्ह एकच आहे!

चार दिवसांत फ्लेमिंगचे वीसबावीस विद्यार्थी विमानानें तेथें पोंचले आणि आपली तोफ परत घेऊन निघाले. जातांना त्या जागीं त्यांनीं एक खेळण्यांतली इवलीशी तोफ ठेवली, आणि 'ही तुमच्या मापाची आहे' अशा आशयाची चिठी. तोफ आपल्या जागीं परत बसली. सत्राच्या अखेरीस ती उडविण्याचा प्रघात आहे.

हें सर्व ऐकून आमच्या धाकट्या भाच्यानें विचारलें, "मग शेवटीं जिंकलें कोण, मामा?" आम्हीं त्याला २०१४ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीं कॅलटेकच्या मुलांनीं एमआयटीमध्यें येऊन नव्या विद्यार्थ्यांना चहाकॉफीचे पेले भेट दिले. पेल्यावर एमआयटीचें नांव होतें, आणि तें नांव गार पेल्यावर सुरेख दिसे. त्यांत गरम कॉफी ओतली कीं पेल्याचा रंग पालटून नारिंगी होई, आणि त्यावर कॅलटेकचें नांव उमटे.