शब्दांची लांबी आणि लेखकाची ओळख

बायबलच्या नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले एक पत्र आहे. ते संत पौलाचे, अशी परंपरा जुनी आहे. परंतु त्यातील ग्रीक भाषेचा घाट पौलाच्या इतर पत्रांहून निराळा आहे, हे अलेक्झांड्रियाचा पंडित ओरिजेन याच्या तिसऱ्या शतकातच ध्यानी आले होते. विचार पौलाचे असतील, लेखणी कोणाची हे देवच जाणे, असे त्याचे मत. पुढे सोळाशे वर्षे विद्वान वाद घालीत राहिले, आणि बहुतेकांचा पुरावा अखेर आपल्या कानाला काय वाटते एवढ्यावर येऊन थांबे.

१८५१ साली लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी एका धर्मोपदेशक मित्रास पत्रातून सुचविले की, शब्द मोजून पाहावेत. (हे डी मॉर्गन जन्मले आपल्याकडे, मदुरेस, १८०६ मध्ये.) अक्षरांच्या संख्येस शब्दांच्या संख्येने भागले की शब्दाची सरासरी लांबी निघते. एकच मनुष्य दोन भिन्न विषयांवर लिहितो तेव्हा त्याचे स्वतःशी जितके जुळेल, तितके एकाच विषयावर लिहिणाऱ्या दोघांचे परस्परांशी जुळणार नाही, अशी त्यांची अटकळ होती. श्रोतेहो, ही अटकळ ध्यानात ठेवावी. आज बहुतेक अभ्यासक ते पत्र पौलाचे मानीत नाहीत. पण तो निवाडा शब्दांच्या लांबीने झालेला नाही.

सूचना पडून राहिली. १८८७ मध्ये ती उचलली टॉमस मेंडेनहॉल या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्याने. हा गृहस्थ मुळात मोजमापाचा माणूस. तोक्यो येथे अध्यापन करीत असता १८८० मध्ये त्याने फूजी पर्वताच्या माथ्यावर लंबक नेऊन गुरुत्वाकर्षण मोजले होते. प्रत्येक मूलद्रव्याचा वर्णपट ठरलेला असतो आणि त्यातील रेषांवरून ते द्रव्य ओळखता येते, हे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी दाखवून दिल्यास तेव्हा पाव शतक लोटले होते. लेखकाचाही असा वर्णपट का असू नये, असे मेंडेनहॉलच्या मनाने घेतले. एका अक्षराचे शब्द किती, दोन अक्षरांचे किती, तीन अक्षरांचे किती, असे मोजून त्याने आलेख काढले; डिकन्स, थॅकरे, मिल यांची पुस्तके आधी तपासली. ही सुधारणा मला फार मार्मिक वाटते. दोघांची सरासरी एक आली तरी त्यांचे वक्र वेगळे असू शकतात.

शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली, असे म्हणणारा एक पंथ त्या काळी जोरात होता. बॉस्टनच्या ऑगस्टस हेमेनवे यांनी खर्च सोसला आणि दोन स्त्रिया कामाला बसल्या. एकीने पुस्तक हाती घेऊन ‘पाच, दोन, तीन’ असे आकडे पुकारावेत, दुसरीने मोजयंत्रावरील त्या त्या आकड्याची कळ दाबावी. शीण एवढा की, दिवसाकाठी तीन ते पाच तासांपलीकडे काम रेटत नसे. असे सुमारे वीस लक्ष शब्द मोजले गेले. १९०१ मध्ये निष्कर्ष छापला: शेक्सपिअरमध्ये चार अक्षरी शब्द सर्वाधिक, बेकनमध्ये तीन अक्षरी, सबब दोघे एक नव्हेत. मात्र ख्रिस्तोफर मार्लोचा वक्र शेक्सपिअरशी जवळजवळ तंतोतंत जुळला. ही अवघड गोष्ट मेंडेनहॉलने झाकून ठेवली नाही, हे त्याच्या शीलाला धरूनच झाले.

खरी मेख निराळीच होती. बेकनचे मोजले ते गद्य, आणि शेक्सपिअरची नाटके बहुतांशी पद्यात. १९७५ मध्ये सी. बी. विल्यम्स यांनी त्याच काळच्या सर फिलिप सिडनीचे गद्य आणि पद्य वेगवेगळे पाहिले, तेव्हा एकाच माणसाच्या दोन वक्रांत तसाच फरक आढळला. डी मॉर्गन यांची अटकळ येथे ढासळली. बेकनने नाटके लिहिली असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. मेंडेनहॉलची साक्ष तेवढी बाद झाली.

मग मोजणी व्यर्थ काय? तसे नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने निघालेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद होता. वाक्याची सरासरी लांबी पाहावी, तर हॅमिल्टनची ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९! मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ च्या ग्रंथात क्षुल्लक शब्दच हेरले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजारात सुमारे तीन वेळा वापरी, मॅडिसन क्वचितच. बाराही लेख मॅडिसनच्या पदरात पडले.

आपल्याकडे ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद ‘भारद्वाज’ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केला. तेथे कोणी मोजणी करू म्हणेल, तर ओवीची अभंगाशी तुलना सिडनीच्या गद्यपद्यासारखीच फसवी ठरण्याचा संभव आहे. शिवाय ‘स्त्री’ हे अक्षर एक धरावे की चार, हे आधी ठरवावे लागेल. आणि शतकानुशतके गायिलेल्या अभंगांत ‘तो’, ‘मग’ असले बारीक शब्दच गाणाऱ्याच्या तोंडी सहज बदलतात.