मोटारक्रीडा विजेते, २०२३

२०२३ च्या मोटारक्रीडा हंगामात मोटार व मोटारसायकल शर्यतींच्या अनेक आंतरराष्ट्रीय मालिकांची अजिंक्यपदे निश्चित झाली. त्यांपैकी कोणत्याही प्रमुख मालिकेचे चालक-अजिंक्यपद भारतीय चालकाकडे आले नाही. मात्र मुंबईचे नाव धारण करणाऱ्या एका संघाने दोन मालिका जिंकल्या आणि फॉर्म्युला ई मधील विजेत्या संघाच्या गाडीला मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाच्या कंपनीची चालकयंत्रणा होती. भारतात फॉर्म्युला ई व मोटोजीपी या दोन्ही स्पर्धांची प्रत्येकी एक फेरी प्रथमच याच वर्षी झाली.

मालिका आणि अजिंक्यपद

मोटारक्रीडेत एक शर्यत जिंकणे आणि मालिका जिंकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मालिकेत प्रत्येक फेरीच्या क्रमांकानुसार गुण मिळतात. फॉर्म्युला वनसारख्या अनेक मालिकांत पहिल्या क्रमांकास २५, दुसऱ्यास १८ आणि तिसऱ्यास १५ गुण असतात. हंगामाअखेर सर्वाधिक गुण असलेला चालक अजिंक्य ठरतो. त्यामुळे सर्वांत प्रसिद्ध शर्यत जिंकणारा अजिंक्य असतोच असे नाही. २०२३ मध्ये ल मान्सची शताब्दी वर्षातील २४ तासांची शर्यत फेरारीने जिंकली, पण जागतिक एन्ड्युरन्स मालिकेचे अजिंक्यपद टोयोटाच्या सेबास्तियन ब्युएमी, ब्रेंडन हार्टली व र्‍यो हिराकावा यांना मिळाले.

चालकांबरोबर संघांचेही स्वतंत्र अजिंक्यपद असते. एफआयए या जागतिक संघटनेच्या विश्वविजेतेपद स्पर्धांत चालकाचे राष्ट्रीयत्व पारपत्रावरून, तर संघाचे राष्ट्रीयत्व त्याला परवाना देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेवरून ठरते. भारतात हे काम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था पाहते.

प्रमुख मालिकांचे विजेते

फॉर्म्युला वनमध्ये मॅक्स व्हर्स्टॅपेनने २२ पैकी १९ शर्यती जिंकून सलग तिसरे अजिंक्यपद मिळवले. त्याच्या रेड बुल संघाच्या हातून केवळ सिंगापूरची शर्यत सुटली. ती फेरारीच्या कार्लोस साइन्झने जिंकली. खालच्या पायऱ्यांवर फॉर्म्युला टू मध्ये तेओ पूरशेर आणि फॉर्म्युला थ्री मध्ये गाब्रिएल बोर्तोलेतो विजेते ठरले. रॅलीमध्ये काले रोव्हानपेरा, इंडीकारमध्ये आलेक्स पालू आणि नॅसकारमध्ये रायन ब्लेनी यांनी अजिंक्यपद मिळवले. दुचाकींच्या मोटोजीपी मालिकेत फ्रान्चेस्को बान्याया याने व्हॅलेन्सिया येथील अखेरच्या फेरीत होर्हे मार्टिनला मागे ठेवून विजेतेपद राखले. मोटो टू मध्ये पेद्रो अकोस्ता, मोटो थ्री मध्ये जाउमे मासिया आणि सुपरबाइकमध्ये आल्व्हारो बाउतिस्ता विजेते होते.

मुंबई फाल्कन्स

युरोपातील हिवाळ्यात तेथील नवोदित चालक आखाती देशांतील मालिकांकडे वळतात. जानेवारी-फेब्रुवारीत होणाऱ्या फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट आणि फॉर्म्युला फोर यूएई या तेव्हा अशाच दोन मालिका होत्या. फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या शिडीची पहिली पायरी फॉर्म्युला फोर आणि दुसरी फॉर्म्युला रीजनल मानली जाते.

२०२३ मध्ये या दोन्ही मालिका मुंबई फाल्कन्स संघाच्या चालकांनी जिंकल्या. रीजनल मालिकेत इटलीचा आन्द्रेआ किमी अन्तोनेल्ली आणि फॉर्म्युला फोरमध्ये ऑस्ट्रेलियाचा जेम्स व्हार्टन अजिंक्य ठरला. अन्तोनेल्ली तेव्हा १६ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने प्रेमा संघाकडून फॉर्म्युला रीजनल युरोपियन मालिकाही जिंकली आणि २०२५ मध्ये तो मर्सिडीझकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. मुंबईच्या नावाच्या गाडीतून अजिंक्य ठरलेला चालक दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, ही बाब महाराष्ट्रात फारशी नोंदली गेली नाही.

या संघाची सुरुवातीची ओळख वेगळी होती. २०२१ च्या एफ थ्री आशियाई मालिकेत तो मुंबईचा जेहान दारूवाला आणि बंगळूरचा कुश मैनी या दोन भारतीय चालकांसह उतरला होता व दारूवालाने त्यात तिसरा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी संघाला पहिले चालक-अजिंक्यपद मिळाले, पण ते मोनाकोच्या आर्तुर लक्लेर याच्यामुळे. संघाचा दर्जा वाढला तशा त्याच्या जागा परदेशी चालकांना मोलाच्या वाटू लागल्या, असे यावरून दिसते.

फॉर्म्युला ई

विद्युत मोटारींच्या या मालिकेत ब्रिटनचा जेक डेनिस चालकांमध्ये अजिंक्य ठरला. संघांचे अजिंक्यपद एन्व्हिजन रेसिंगला मिळाले. हा संघ ब्रिटिश परवान्यावर धावतो, त्याची मालकी चिनी समूहाकडे आहे, चालक न्यूझीलंडचा निक कॅसिडी व स्वित्झर्लंडचा ब्युएमी होते आणि गाडीची चालकयंत्रणा जॅग्वारची होती. जॅग्वार ही तेव्हा टाटा मोटर्सच्या मालकीची होती. स्वतः जॅग्वारचा संघ आपल्याच ग्राहकामागे दुसरा आला. टाटा समूहातील टीसीएस ही त्याची मुख्य प्रायोजक होती.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या हुसेन सागर तलावालगतच्या रस्त्यांवर भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. ती जाँ-एरिक व्हेर्न याने जिंकली. मालकांच्या देशात जॅग्वारला मात्र अपयश आले. सॅम बर्डची गाडी सहकारी मिच एव्हान्सच्या गाडीवर आदळली आणि दोघांचीही शर्यत वाया गेली. मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ भारतीय परवान्यावर धावतो, पण त्याचे केंद्र इंग्लंडमधील बॅनबरी येथे आहे. त्याच्यासाठी हा हंगाम निराशेचा ठरला. केपटाउन येथे मागील सस्पेन्शनच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्याने त्याला गाड्या मागे घ्याव्या लागल्या. दारूवाला या हंगामात महिंद्राचा राखीव चालक होता. प्रत्यक्ष पदार्पण त्याने जानेवारी २०२४ मध्ये मासेराती संघाकडून केले.

मोटोजीपी भारत

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २४ सप्टेंबर रोजी झालेली मुख्य शर्यत मार्को बेझेक्की याने, तर आदल्या दिवशीची लहान शर्यत मार्टिनने जिंकली. व्हिसाच्या विलंबामुळे काही स्पर्धक उशिरा पोहोचले. उष्णतेमुळे शर्यतीची लांबी २४ फेऱ्यांवरून २१ करण्यात आली. पुढे अजिंक्य ठरलेला बान्याया येथे घसरून बाद झाला होता.

महाराष्ट्रातील स्थिती

देशातील मोठी कायमस्वरूपी सर्किटे चेन्नईजवळ, कोइंबतूर येथे आणि ग्रेटर नोएडात आहेत. पुणे-चाकण पट्टा वाहनउद्योगाचे प्रमुख केंद्र असूनही २०२३ मध्ये त्या तोडीचे सर्किट महाराष्ट्रात नव्हते. त्यामुळे येथील चालकाला सराव व शर्यती दोन्हींसाठी राज्याबाहेर जावे लागे आणि खर्चाचा भार बहुधा कुटुंबावर पडे. पुणे जिल्ह्यातील गावांत शर्यत म्हणजे आजही प्रथम बैलगाडा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी राज्याचा त्यासंबंधीचा कायदा वैध ठरवला.

पुढील घडामोडी

हैदराबाद येथील २०२४ ची फॉर्म्युला ई शर्यत तेलंगणातील सत्तांतरानंतर रद्द झाली. मोटोजीपीची भारतातील फेरीही २०२४ मध्ये झाली नाही. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचा मार्ग तयार करून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी घेण्यात आली.