ओळखीचा मासा, परके नाव

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर वसले आहे. एका बाजूला जागतिक व्यापार केंद्र, तारांकित हॉटेल आणि धनिकांचे मनोरे. दुसऱ्या बाजूला बॅक बेचे पाणी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी आणि मासळीचा वास. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी बधवार पार्कलगतच्या याच किनाऱ्यावर उतरले आणि या वस्तीचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. मात्र या किनाऱ्याचे जगाशी असलेले नाते त्याहून पुष्कळ जुने आणि सुखाचे आहे. येथे पाटीत दिसणारा बोंबील, पापलेट, सुरमई वा बांगडा हाँगकाँगपासून कुवेतपर्यंत अनेक देशांच्या ताटात असतो. फक्त त्याचे नाव तेथे निराळे असते.

परदेशी निघालेल्या मुंबईकराला हे सहसा कोणी सांगत नाही. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचे जेवण 'भारतीय' असते आणि खरेदीसाठी एखादा मॉल नेमून दिलेला असतो. परिणामी प्रवासी देश पाहून येतो, पण तेथील लोक काय खातात आणि कोठे विकत घेतात, हे त्याला कळत नाही. मासे खाणाऱ्या प्रवाशासाठी या अनोळखीपणावर एक सोपा उतारा आहे. तो म्हणजे तेथील मासळीबाजार.

ताटाचा जुना प्रश्न

परदेशातील अन्न हा मराठी प्रवाशांपुढचा जुना प्रश्न आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा समुद्र ओलांडणे आणि परक्याच्या हातचे खाणे या दोन्ही गोष्टी समाजाला अमान्य होत्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात आणि पुढे फिलाडेल्फियात राहतानाही त्या शाकाहारी राहिल्या. त्यासाठी परदेशीच जायला हवे होते असेही नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये दिलेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्याची झळ लागली. या प्रकरणामागे आनंदीबाईंचे पती गोपाळराव होते.

समुद्राची ही बंदी कोळ्यांना मात्र कधीच नव्हती. समुद्र हेच त्यांचे शेत. म्हणूनच परदेशातील अन्नाकडे पाहण्याची कोळीवाड्याची दृष्टी अधिक मोकळी ठरते. मासा ताजा आहे काय, डोळा स्वच्छ आहे काय, कल्ला लाल आहे काय, एवढेच ती पाहते. ही कसोटी कोणत्याही देशात लागू पडते.

आखात: सुरमई आणि पापलेट

मुंबईहून जवळची परदेशी मासळी आखातात भेटते. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमध्ये सुरमईला 'कनद' म्हणतात. इंग्रजी पाटीवर 'किंगफिश' असे लिहिलेले असते. ती खारवून टिकवण्याची 'मालेह' ही तेथील जुनी पद्धत आहे. आपल्याकडील खाऱ्या मासळीची आठवण व्हावी, असाच तो पदार्थ. 'हामूर' हा तेथील मानाचा मासा म्हणजे मुंबईतल्या हेकरूच्या कुळातला. कुवेत आणि दक्षिण इराकमध्ये पापलेटला 'झुबैदी' म्हणतात. कुवेतमध्ये तो भाताबरोबर शिजवून मोठ्या थाळीत वाढतात आणि त्याच्या किमतीवरून घराघरांत मुंबईसारखीच चर्चा चालते.

दुबईत देरा भागातील जुना मासळीबाजार २०१७ मध्ये वॉटरफ्रंट मार्केट या वातानुकूलित इमारतीत हलविण्यात आला. मासा निवडायचा एका ठिकाणी आणि पैसे देऊन साफ करून घ्यायचा दुसरीकडे, अशी तेथील व्यवस्था. मुंबईकराला पहिला फरक जाणवतो तो माणसांचा. आपल्याकडे पाटीमागे कोळीण बसलेली असते, तर तेथे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांपैकी अनेकांना हिंदी येते.

आग्नेय आशिया: चव ओळखीची

थायलंडमध्ये बांगड्याच्या कुळातील 'प्ला थू' हा सामान्यांचा मासा आहे. वाफवून, मान वाकवून बांबूच्या लहानशा टोपलीत ठेवलेला तो बाजारोबाजारी दिसतो आणि मिरचीच्या झणझणीत चटणीबरोबर खातात. यासाठी प्रसिद्ध असलेले मे क्लाँग हे गाव बँकॉकपासून फार दूर नाही. तेथे बाजाराच्या मधून रेल्वे जाते आणि गाडी आली की विक्रेते कनाती मिटून घेतात. दक्षिण थायलंडात हळद आणि लसूण लावून मासा तळतात. तो पदार्थ समोर आला की मुंबईकराची परकेपणाची भावना निम्मी ओसरते.

मलेशिया आणि सिंगापूरमध्ये पापलेट 'बावल पुतिह', हलवा 'बावल हितम', सुरमई 'तेंगिरी' आणि बांगडा 'केम्बुंग' होतो. सिंगापूरमधील तिओच्यू चिनी मंडळी पापलेट आले, टोमॅटो, खारवलेला प्लम आणि मुरवलेली मोहरीची पाने घालून वाफवतात. तळलेल्या पापलेटची सवय असलेल्यास तो सुरुवातीला मिळमिळीत वाटतो, पण ताज्या माशाची मूळ चव त्यातच कळते. माशाच्या डोक्याचे तिखट कालवण ही सिंगापूरची आज ओळख बनली आहे. एका केरळी स्वयंपाक्याने ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले, असे मानले जाते. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधील खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये आपल्या यादीत स्थान दिले. तेथे टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा राखलेली आहे असे समजावे.

शाकाहारी प्रवाशांनी एका गोष्टीची दक्षता घ्यावी. थायलंडचे 'कापी' आणि मलेशियाचे 'बेलाचान' हे जवळ्यापासून, म्हणजे आपल्या सुकटीतल्याच बारीक कोलंबीपासून, आंबवून केलेले वाटण असते. भाजी निव्वळ पालेभाजीची असली तरी वाटणात जवळा असू शकतो. ऑर्डर देण्यापूर्वीच विचारून घेणे श्रेयस्कर.

आणखी एक गल्लत नेहमी होते. इंग्रजी बोलणारे मुंबईकर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. परदेशी मेनूवरील सॅमन हा थंड पाण्यातला निराळाच मासा आहे. रावसाची आस असेल, तर मलेशिया-सिंगापूरमध्ये 'कुराऊ' मागावा.

बोंबलाची दोन रूपे

बोंबील हा केवळ मुंबईचा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बांगलादेशात तो 'लोइट्टा' या नावाने ओला आणि सुका दोन्ही खाल्ला जातो. दक्षिण चीन आणि हाँगकाँगमध्ये त्याचे नाव शब्दशः 'नऊ पोटांचा मासा' असे आहे. मीठ-मिरी लावून कुरकुरीत तळलेला हा बोंबील हाँगकाँगच्या साध्या खाणावळीतही मिळतो. रव्याऐवजी पिठाचे आवरण आणि वरून परतलेला लसूण व मिरची, एवढाच काय तो फरक. त्या किनाऱ्यावर ताटातला अख्खा मासा उलटवत नाहीत, कारण मासा उलटला तर होडी उलटते अशी तेथील कोळ्यांची समजूत आहे. समुद्रावर माणसे पाठविणाऱ्या कोणत्याही घराला ती समजावून सांगावी लागत नाही.

युरोपात बोंबलाची कहाणी निराळी आहे. ब्रिटनमध्ये सुका बोंबील 'बॉम्बे डक' या नावाने भारतीय उपाहारगृहांत मिळे. मुंबईच्या टपालगाडीतून, म्हणजे 'बॉम्बे डाक'मधून, जात असल्यामुळे हे नाव पडले असे सांगतात; परंतु मुंबईत रेल्वे सुरू होण्यापूर्वीच हे नाव इंग्रजी लेखनात आढळते. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे त्याची आयात बंद पडली. उघड्यावर, वलांडीवर सुकवलेली मासळी मान्यताप्राप्त कारखान्याच्या चौकटीत बसत नव्हती. ब्रिटनमधील चाहत्यांनी मोहीम चालवली आणि काही वर्षांनी मान्यताप्राप्त ठिकाणी बांधलेल्या मालास मुभा मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या उन्हावाऱ्यावर चाललेले एक काम दूरच्या कार्यालयातील एका नियमाने अडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लंडनला गेलेल्या मुंबईकराने पहाटेचा बिलिंग्जगेट मासळीबाजार पाहावा. १९८२ मध्ये तो शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे हलविण्यात आला आणि पुढे त्याच्याभोवती कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले. काचेच्या इमारतींच्या सावलीत मासळीच्या पेट्या, हे दृश्य मच्छीमार नगर पाहिलेल्यास मुळीच परके वाटत नाही. जमिनीचा भाव वाढला की मासळीवाल्याच्या जागेचा प्रश्न उभा राहतो, हेही दोन्हीकडे सारखेच.

बाजाराची रीत

मुंबईत लहान मासळी वाट्यावर मिळते आणि घासाघीस हा व्यवहाराचाच भाग असतो. परदेशात मापे बदलतात. हाँगकाँगच्या बाजारातील भाव अनेकदा 'कॅटी'चा, म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅमचा असतो. थायलंडमध्ये 'खीत' म्हणजे १०० ग्रॅम. पाटीवरील आकडा किलोचा समजून हिशेब केल्यास फसगत होते.

जपानमध्ये घासाघीस करण्याची रीत नाही आणि मासा हाताने दाबून पाहणे असभ्य मानतात. टोकियोचा त्सुकिजी येथील घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसू येथे गेला. ट्यूनाचा लिलाव तेथे ठरवून दिलेल्या जागेवरून पाहता येतो. त्सुकिजीची किरकोळ दुकाने मात्र जुन्या जागीच आहेत. हळद, तिखट आणि आमसुलाशिवाय मासा ही कल्पनाच न रुचणाऱ्या प्रवाशाला कच्च्या माशाचा पहिला घास कठीण जातो. अशांनी भाजलेल्या 'साबा'पासून सुरुवात करावी. तोही बांगड्याच्याच नात्यातला.

परतीची पिशवी

मासळीबाजारातून काय आणावे, हा प्रश्न चवीइतकाच नियमांचाही आहे. प्राणिजन्य पदार्थ भारतात आणण्यावर स्वच्छताविषयक निर्बंध आहेत. तेव्हा मासा तिथेच खावा आणि येताना त्याच्यासोबतच्या वस्तू आणाव्यात, हे उत्तम. आखातातून 'लूमी' म्हणजे सुकवलेले काळे लिंबू आणता येईल. माशाच्या कालवणात ते आमसुलासारखे काम करते. जपानमधून मासे कापण्याची सुरी आणता येईल. ती विमानात हातातील सामानात चालत नाही, चेक-इन करावी लागते.

हाँगकाँगच्या शेउंग वान भागातील सुक्या मासळीची दुकाने खरेदीसाठी नसली, तरी पाहण्यासाठी अवश्य गाठावीत. तेथे माशांच्या सुकवलेल्या हवेच्या पिशव्या मौल्यवान वस्तूंसारख्या मांडलेल्या असतात. घोळ माशाला आपल्या किनाऱ्यावर मोठा भाव येतो, तो या मागणीमुळेच. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील मच्छीमारांना एका फेरीत मिळालेल्या सुमारे दीडशे घोळींना सव्वा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली होती.

जाताना नातेवाइकांसाठी सुके बोंबील वा सुकट नेणाऱ्यांनी ती हवाबंद बांधावी आणि विमानतळावर न लपवता सांगावी. युरोपीय संघात स्वतःच्या वापरासाठी साफ केलेली वा प्रक्रिया केलेली मासळी वजनाच्या मर्यादेत नेता येते. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र भारतातून नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ते न केल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होऊ शकतो. परत येताना करमुक्त खरेदीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. २०१६ च्या नियमांत बहुतेक देशांहून येणाऱ्या भारतीय प्रवाशास ती ५०,००० रुपये होती. हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर खातरजमा करावी.

घरचा बाजार

परदेशी बाजार पाहून आलेल्या प्रवाशाला घरचा बाजार नव्याने दिसू लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्यामागे अभिमानाबरोबर काळजीही होती, कारण लहान पापलेटच्या बेसुमार मासेमारीमुळे त्याचे प्रमाण घटत चालले आहे. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्यायोग्य किमान आकारही ठरवून देण्यात आला. कुवेतचा झुबैदी आणि सिंगापूरचा बावल यांच्यापुढेही हेच संकट आहे. मासा एक, मागणी अनेक देशांची.

तळहाताएवढेही न वाढलेले पापलेट स्वस्त मिळाले म्हणून घ्यायचे की नाही, हे अखेर गिऱ्हाइकाच्या हाती असते. दूरदेशी ज्या चवीच्या शोधात मुंबईकर वणवण करतो, ती मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर उद्याही मिळावी असे वाटत असेल, तर पाटीतला मासा मोठा होऊ देण्याइतका धीर त्याला धरावा लागेल.