चिपवर न मावणारा रेझिस्टर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ब्रेडबोर्डवर एक फिल्टर बांधला होता. गणिताप्रमाणे कटऑफ ३४०० हर्ट्‌झला यायला हवा होता. ऑसिलोस्कोपवर तो भलतीकडेच. कॅपॅसिटरवर छापलेली किंमत आणि खरी किंमत यांत वीस टक्के फरक पडू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. जर्नलमध्ये पुस्तकी आकडा लिहिला आणि सही घेऊन मोकळे झालो.

१९७०च्या दशकातल्या टेलिफोन इंजिनिअरांना अशी पळवाट नव्हती. आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८००० नमुने घेतले जात. ४००० हर्ट्‌झच्या वरचं काही आत शिरलं, तर ते खालच्या आवाजात मिसळतं आणि मग वेगळं काढता येत नाही. म्हणून नमुने घेण्याआधी ३४०० हर्ट्‌झच्या आसपास कापणारा फिल्टर हवाच. प्रत्येक लाइनसाठी एक फिल्टर आणि एक्स्चेंजमध्ये लाइनी हजारो!

जॉर्ज कॅम्पबेलने १९१५च्या सुमारास केलेले फिल्टर कॉइलवर चालत. चिपवर एवढी कॉइल बसत नाही. सॅलन आणि की यांनी १९५५मध्ये कॉइलशिवायचे सर्किट दिले, पण त्यात रेझिस्टर आणि कॅपॅसिटर अचूक लागतात. चिपवर दोघांच्याही किमती हलतात, आणि कटऑफ ठरतो त्यांच्या गुणाकारावर. शिवाय १० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरसोबत ३४०० हर्ट्‌झ हवे असतील, तर रेझिस्टर लागतो सुमारे ४७ लाख ओहमचा. तो चिपची जागाच खाऊन टाकेल. त्यामुळे फिल्टर चिपबाहेर बनत आणि रेझिस्टर लेझरने खरवडून जुळवावे लागत. महागाचं काम.

तोडगा असा निघाला की रेझिस्टर बनवायचाच नाही. एक छोटा कॅपॅसिटर आणि दोन स्विच घ्यायचे. कॅपॅसिटर इकडे भरायचा, तिकडे रिकामा करायचा. पिंपातलं पाणी लोट्याने उपसून बादलीत ओतावं तसं. लोटा लहान असला आणि खेपा मोजून असल्या, की सरासरी धार ठरलेली. १ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर सेकंदाला १ लाख खेपा करत असेल, तर तो १ कोटी ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो.

खरी गंमत पुढे आहे. आता कटऑफ दोन कॅपॅसिटरांच्या गुणोत्तरावर आणि खेपांच्या वेगावर ठरतो. वेग क्वार्ट्‌झ क्रिस्टलकडून येतो, म्हणजे पक्का. आणि एकाच चिपवर ऑक्साइडचा थर जाड झाला, तर दोन्ही कॅपॅसिटर एकाच प्रमाणात बिघडतात. किंमत चुकते, गुणोत्तर टिकतं, तेही ०.१ टक्क्याच्या आसपास. मला हे अजूनही थोडं चीटिंग वाटतं.

कल्पना नवी नव्हती. मॅक्सवेलच्या १८७३च्या ग्रंथात ती मोजमापाची युक्ती म्हणून आहे. १९७२मध्ये फ्रीडने ती चिपच्या फिल्टरसाठी मांडली. डिसेंबर १९७७मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध आले: ओटावाच्या केव्ह्ज, कोपलँड, रहीम, रोझेनबॉम यांचा आणि बर्कलीच्या होस्टिका, ब्रॉडरसन, ग्रे यांचा. पुढे इंटेलची २९१२ ही टेलिफोन लाइनसाठीची फिल्टर-चिपही बाजारात आली.

फुकट मात्र काहीच नाही. हा फिल्टर स्वतःच नमुने घेतो, म्हणून त्याच्याआधी आणखी एक साधा फिल्टर लागतो. त्याचा कटऑफ मात्र पाचपन्नास टक्के इकडेतिकडे झाला तरी चालतं. आमचा ब्रेडबोर्डवाला तिथे खपला असता.